मुंबई लागत नाही

पेढीचं कुलूप काढून पुंजाजी आत आले, टोपी खुंटीला अडकवली आणि गादीवर बसायच्या आधीच त्यांनी फोन उचलून कानाला लावला. आत काहीच नव्हतं. ना घरघर, ना एक्सचेंजमधल्या बाबूचं ते झोपेतलं "नंबर बोला". रिकाम्या रांजणात कान घातला तर निदान घुमल्यासारखं तरी होतं. इथं तेही नाही.

"इंद्रभान, हे पाय रे जरा," ते आपल्या दिवाणजीला म्हणाले. "काय झालं याले?"

इंद्रभाननं फोन ऐकला, हलवला, भिंतीपर्यंत तार चाचपून पाहिली आणि पुन्हा ऐकला. मग डॉक्टर रोग्याचा हात सोडतो तसा त्यानं रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला.

"गेला शेठ."

ऐन पौषात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, रात्री वादळ उठलं होतं आणि गावातल्या तारा तोडून गेलं होतं. भुसावळच्या बाजूचे तारांचे खांब ओळीनं आडवे झाल्याची बातमी स्टेशनावरून आली. रेल्वेच्या ताराही त्यातच गेल्या होत्या, म्हणून मुंबईकडची मेल कुठंतरी मधेच उभी होती, म्हणजे वर्तमानपत्रंही नाहीत. पोस्टातलं तारेचं यंत्र मुकं झालं होतं. मुंबई जागेवर आहे की नाही, हे मलकापूरला कळायला काही मार्गच उरला नव्हता.

आणि मुंबईवाचून मलकापूरचं पान हलत नव्हतं. म्हणजे पूर्वी हलत होतं. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा कापूस बाजारात एकही फोन नव्हता. जुने व्यापारी बोंडातला कापूस बोटांवर ओढून पाहायचे, आभाळाकडे पाहायचे, एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचे आणि भाव बोलायचे. मग फोन आले. रोज सकाळी मुंबईचा दलाल ट्रंककॉल लावून भाव सांगू लागला, आणि भाव आला की बाजाराची घंटा वाजू लागली. दोन-तीन हंगामांत सगळ्यांना त्याची अशी सवय झाली की कापूस बोटांवर ओढून पाहणारा माणूस बावळट दिसू लागला. पुंजाजी आणि समोरच्या ओट्यावरचे रामराव यांच्यामध्ये फक्त बैलगाड्यांचं मैदान होतं, पण ते दोघंही एकमेकांशी फोनवरच बोलत. आज दोघं आपापल्या दारात उभे होते, एकमेकांना दिसत होते, आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचत नव्हतं. शेवटी रामरावांनी कानाशी मूठ नेली आणि नकारार्थी हात हलवला. पुंजाजींनीही तसाच हात हलवला. एवढं झाल्यावर दोघं आत गेले.

मैदानात मात्र गाड्या येतच होत्या. कपाशीनं फुगलेल्या, वरून दोर आवळलेल्या गाड्या मोताळ्याच्या वाटेनं आल्या, नळगंगेच्या काठानं आल्या. मैदान भरलं. मग रस्ता भरला. मग जिनिंगच्या फाटकापर्यंत रांग गेली आणि जळगाव जामोदची एसटी त्या रांगेत अडकून भोंगा वाजवत बसली.

"कालच्या भावानं घ्या न," एक शेतकरी म्हणाला.

"अन् मुंबई पडली असंन त?" व्यापारी म्हणाले.

"मंग वजनं करून घ्या, भाव मांगून सांगा," तोच शेतकरी म्हणाला.

"अन् मांगून तुमी पाडून सांगतलं त?" यावेळी बाकीचे शेतकरीच म्हणाले.

बाजाराचे सभापती भगवानराव सावध गृहस्थ होते. इतके सावध की घंटेची दोरी त्यांनी सकाळपासून हातात धरून ठेवली होती, पण ओढली नव्हती. कुणीतरी सुचवलं, खामगावला माणूस पाठवा, तिथं कदाचित नागपूरकडून भाव आला असेल. भगवानरावांना ते पटलं. बाजाराचा शिपाई मोटारसायकलवर बसून निघाला. नांदुऱ्याला चहा प्यायला थांबला, तर शेजारच्या बाकावर खामगावच्या बाजाराचा शिपाई बसलेला. त्याला खामगाववाल्यांनी मलकापूरला भाव विचारायला पाठवलं होतं. दोघांनी मिळून चहा घेतला, भजी खाल्ली आणि दोघं आपापल्या गावी परत गेले.

दुपार उतरू लागली तेव्हा पश्चिमेकडून आभाळ भरून येऊ लागलं.

ते पहिल्यांदा बैलांना कळलं, मग माणसांना. वरची हवा गार झाली. कपाशीच्या उघड्या गाड्यांवर एक सर जरी पडली तरी वर्षभराची मेहनत काळी पडणार होती, आणि भाव ठरल्याशिवाय जिनिंगची शेड कुणासाठी उघडणार नव्हती. मैदानात मघापर्यंत आरडाओरडा चालला होता, तो हळूहळू थांबला. आता माणसं नुसती वर पाहत होती. पुंजाजींना त्या आरड्याओरड्यापेक्षा ही शांतता जड गेली. ते स्वतः शेतकऱ्याचं पोर. भिजलेल्या कापसाचा वास लहानपणी घरात महिनाभर होता, तो त्यांना ठाऊक होता. पण करणार काय? त्यांनी पुन्हा एकदा फोन उचलला, ऐकला, ठेवला.

तेवढ्यात मनकर्णाबाई ओटा चढून आत आल्या.

नळगंगेच्या काठच्या एका गावात त्यांची मोठी शेती होती. मालक सकाळ-संध्याकाळ भजनात असत आणि मधल्या वेळात भजनाची तयारी करत, म्हणून नांगरापासून बाजारापर्यंत सगळं बाई पाहत. उंच, ताठ, डोक्यावर पदर, काखेत बैलांचा चाबूक. पुढची गाडी त्या स्वतः हाकत, मागच्या गड्यांनी हाकायच्या. त्यांच्या कापसात कधी ओल सापडली नाही की माती सापडली नाही, म्हणून व्यापारी त्यांना मान देत. आणि त्यांच्या जिभेला भीत, म्हणून थोडा जास्तच मान देत.

"पुंजाजी, काय करून राह्यला रे बावा?"

"फोनाची वाट पाहून राह्यलो, मावशी."

"अन् पानी कोनाची वाट पाहून राह्यलं?"

"मी काय करू? मुंबई लागत नाई."

"लागत नाई म्हंजे?"

"हे पाहा." आणि बाईंना समजावं म्हणून पुंजाजींनी फोन उचलला, कानाला लावला आणि रोजच्यासारखे ओरडले, "हॅलो! हॅलो मुंबई!"

इथं थोडा घोटाळा झाला. पुंजाजींचा आवाज दणकट होता. तार बंद असली तरी यांचा आवाज मुंबईला पोचावा, असं त्यांचं बोलणं. त्या शांत मैदानात तो आवाज एसटीपर्यंत गेला.

"लागली!" कुणीतरी ओरडलं. "पुंजाजीची मुंबई लागली!"

बघता बघता ओट्यावर माणसं चढली. दारात माणसं, खिडकीत माणसं, खिडकीतल्यांच्या खांद्यावरून पाहणारी माणसं. भगवानराव हातातली दोरी सोडून धावत आले. इंद्रभाननं टाक शाईत बुडवला. रिसीव्हर कानाला लावून पुंजाजी तसेच उभे राहिले. "नाई रे बाप्पा, लागली नाई," असं त्यांना म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण समोरचे चेहरे त्यांनी पाहिले. ऑपरेशनच्या खोलीतून डॉक्टर बाहेर आला की बाकावरची मंडळी जशी त्याच्याकडे पाहतात, तशी ती सगळी माणसं त्यांच्याकडे पाहत होती.

"हॅलो," पुंजाजी म्हणाले. "हो. मी पुंजाजी. मलकापूर. हो, हो... बरे हाओत."

"काय म्हंतात?" दारातून कुणीतरी विचारलं.

"शू!" इंद्रभान डाफरला. त्याचाही विश्वास बसला होता.

"तिकडे पानीपाऊस कसा काय?" पुंजाजींनी मुकेपणाला विचारलं. दुसरं काही सुचतच नव्हतं. कपाळावर घाम आला होता.

मनकर्णाबाई हाताच्या अंतरावर उभ्या होत्या. मुंबईचा दलाल फोनवर बोलला की त्याचा आवाज रिसीव्हरच्या बाहेर सांडे, पेढीतल्या सगळ्यांना ऐकू येई. हे त्यांनी मागच्या खेपेला पाहिलं होतं. आज फोनातून माशी गुणगुणल्याइतकाही आवाज येत नव्हता. बाईंनी फोनाकडे पाहिलं, पुंजाजींकडे पाहिलं, आणि पुंजाजींना कळलं की यांना कळलं. आता ही बाई तोंड उघडणार आणि आपण या गावात पुन्हा तोंड दाखवणार नाही.

बाईंनी खिडकीतून एकदा आभाळाकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.

"पान्यापावसाचं काय इचारून राह्यला रे? भाव इचार त्यायले!"

पुंजाजींना क्षणभर काही उमगेना. मग उमगलं. "भाव," ते फोनात म्हणाले, "भाव काय निघाला, शेठ?"

इंद्रभानचा टाक वहीवर टेकला.

"कालचाच—" पुंजाजी सुरू झाले. बाई खाकरल्या.

"आवाज बराबर येत नसंन तुले. कान बदल."

पुंजाजींनी कान बदलला.

"आता आयक. कालचा म्हंते का कालच्याहून वर?"

"वर," पुंजाजी म्हणाले.

"किती वर?"

"एक रुपया."

"नीट इचार बावा. एका रुपयासाठी मुंबईचा मानूस ट्रंककॉल करीन का?"

"दोन!" पुंजाजी ओरडले. "दोन रुपये वर! ठेवा शेठ, ठेवा!" आणि त्यांनी रिसीव्हर असा आपटला की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

भगवानराव वयाचा विचार न करता पळाले आणि घंटा वाजवली. सकाळपासून तुंबलेली घंटा होती ती, चांगली खणखणली. बाजार उघडला.

पुंजाजींनी घाम पुसला. पण गोष्ट एवढ्यावर थांबती तर बरं होतं. समोरच्या ओट्यावर रामराव आपल्या फोनाशेजारी बसून हे सगळं ऐकत होते. त्यांचा फोन त्यांनी नुकताच पाहिला होता, तो मेलेला होता. पण पुंजाजीला मुंबई लागते आणि आपल्याला लागत नाही, हे रामरावांना सहन होण्यासारखं नव्हतं. लोकांना वाटलं असतं, रामरावांनी बिलच भरलं नाही.

"हॅलो मुंबई!" मैदानाच्या पलीकडून आरोळी आली. "हो, रामराव बोलून राह्यलो! काय? अडीच?"

रामरावांच्या मुंबईनं अडीच रुपये वर सांगितले.

आपला फोन बंद आहे म्हणजे त्यांचाही बंदच असणार, हे ओळखणारे साऱ्या व्यापाऱ्यांत एकटे पुंजाजी होते. आणि बोलायची चोरी असणारेही तेच. गाड्या रामरावांच्या ओट्याकडे वळू लागल्या. पुंजाजींना पुन्हा फोन उचलून अडीच म्हणावं लागलं. कोपऱ्यावरच्या मोतीरामाकडे तर फोनच नव्हता. तो एका पोत्यावर उभा राहून म्हणाला, "माह्या दलालाचा निरोप पुंजाजीच्या फोनवर आला. तीन रुपये वर! काऊन पुंजाजी, आला का नाई?"

सगळं मैदान पुंजाजींकडे पाहू लागलं.

"आला," पुंजाजी म्हणाले.

तीन रुपयांवर भाव थांबला, कारण तोवर बोलायला वेळ कुणालाच राहिला नव्हता. काटे लागले. हमाल धावू लागले. बाजार सुरू झाला की कसा असतो ते पाहण्यासारखं असतं. आणि त्या दिवशीचा तर कुणी नुसता ओट्यावर बसून पाहिला असता तरी त्याचं पोट भरलं असतं. दोर सुटत होते, पांढरे ढीग ताडपत्रीवर ओतले जात होते, वजनाचे आकडे ओरडून सांगितले जात होते. जिनिंगची शेड उघडली. हमाल कमी पडले तेव्हा शेतकऱ्यांनी पाट्या उचलल्या. एसटीतले प्रवासी सकाळपासून कंटाळले होते, त्यांनीही उतरून हात लावला. भगवानराव स्वतः एक टोक धरून ताडपत्री ओढत होते. आणि सगळ्यांच्या मधोमध, गाडीच्या जुवावर एक पाय ठेवून, मनकर्णाबाई उभ्या होत्या. "हे आधी घ्या, त्याची गाडी उघडी हाय! माही मांगून घ्या, माह्या गाडीवर ताडपत्री हाय!" कुणी त्यांना अधिकार दिला नव्हता. कुणाला तो विचारायचं सुचलंही नाही.

पुंजाजी खरेदी करत होते आणि मनातल्या मनात तोटा मांडत होते. मुंबईचा खरा भाव कालच्यापेक्षा खाली असला तर ही पेढी, हे गादी-लोड काही उरणार नव्हतं. दोनदा त्यांच्या मनात आलं, इंद्रभानला डोळ्यांनी खुणावावं, काटा थांबवावा. दोन्ही वेळा समोर कुणाची तरी गाडी उभी होती आणि गाडीवाला आभाळाकडे पाहत होता.

"शेठ, ही घ्याची का?" इंद्रभान विचारत होता.

"घे," पुंजाजी म्हणत होते. "शब्द गेला न आपला. घे."

शेवटची पाटी आत गेली, शेडचं दार ओढलं गेलं, आणि पाऊस आला. असा आला की मैदानातल्या मोकळ्या गाड्यांच्या चाकांपर्यंत पाणी चढलं. कापसाचं एक बोंडही भिजलं नाही. माणसं पत्र्यांखाली दाटीवाटीनं उभी राहून पावसाकडे बघत हसत होती.

पुंजाजी मात्र आत येऊन फोनासमोर बसले. मनकर्णाबाई पाऊस थांबेपर्यंत तिथंच बसून बशीतून चहा पीत होत्या. थोड्या वेळानं दारात पोतं पांघरलेला एक माणूस दिसला. रामराव. दोन हंगामांत पहिल्यांदाच मैदान ओलांडून, तेही भिजत आले होते. त्यांनी आवाज खाली आणला.

"पुंजाजी, एक इचारू? तुह्या फोनात... कोन बोललं?"

"तुह्या फोनात कोन बोललं?"

रामराव लोडाला टेकून खाली बसले. दोघांचे चेहरे पाहून एखाद्याला वाटलं असतं, घरात कुणी आजारी आहे.

"मले त आयकू येत होतं," मनकर्णाबाई बशी खाली ठेवत म्हणाल्या. "कोनीच नव्हतं."

"मंग मावशी, तुमी काऊन—"

"भाव कोनं तरी सांगाले पाह्यजे होता. साऱ्या बाजारात एकाची त हिंमत होत नव्हती. तुह्या हातात फोन होता, अन् तुहं तोंड उघडं होतं. म्हनलं, हाच बरा."

"अन् मी बुडालो त?"

बाई एकदम गंभीर झाल्या. "बुडाला त माह्याकडे ये. दोन सालाचा कापूस तुह्या काट्यावर टाकीन, अन् पैशे तुह्या सवडीनं. आज तू हात आखडला नाई, ते मी पाह्यलं."

रामरावांनी हळूच विचारलं, "अन् मी?"

"तू अडीच म्हनलास न? तुले अर्ध्या रुपयाचा मान."

आणि तेवढ्यात फोन वाजला.

तिघंही दचकले. पाऊस पडत होता, दिवे नुकतेच लागले होते, आणि तो काळा डबा एकसारखा खणखणत होता. खांब उभे झाले होते, तारा जोडल्या गेल्या होत्या. पुंजाजींचा हात फोनापर्यंत जाईना. जाऊन होणार काय? आता खरा आकडा कळणार, एवढंच. शेवटी मनकर्णाबाईंनीच रिसीव्हर उचलून त्यांच्या हातात दिला.

"हॅलो मलकापूर? हॅलो!" दलालाचा आवाज रिसीव्हरच्या बाहेर सांडत होता. बाहेरच्या पत्र्यापर्यंत ऐकू जात होता. "अरे भाई, किती वेळ झाला! सकाळपासून तुमचा वऱ्हाड लागत नाय, खानदेश लागत नाय, काय पण कळत नाय!"

"हो शेठ," पुंजाजी क्षीण आवाजात म्हणाले. "भाव काय निघाला?"

"तेच तर विचारतो! इथं सगळा बाजार हात बांधून बसला आहे. माल किती आला, काय भावानं गेला, तुमच्याकडून खबर नाय तर आम्ही सौदा कशावर करणार? दिवसभर एक माणूस तोंड उघडायला तयार नाय. तुमच्याकडे बाजार उघडला काय?"

"उघडला," पुंजाजी म्हणाले.

"वा! काय भाव?"

पुंजाजींनी रामरावांकडे पाहिलं. रामरावांनी डोळे मिटले होते.

"कालच्याहून तीन रुपये वर. सारा माल गेला. मैदानात एक पाटी नाई राह्यली."

"तीन वर? सगळा माल गेला? पक्कं?"

"पक्कं. माह्या काट्यावर गेला."

पलीकडे दलालानं तोंडावरून फोन बाजूला केला असावा, कारण त्याचा आवाज जरा लांबून आला: "मलकापूर तीन वर! सगळा माल उठला!" आणि मग फोनातून एक गलका उठला. एकावर एक चढणारे आवाज, आकडे, आरोळ्या. मुंबईचा बाजार उघडत होता. पुंजाजी रिसीव्हर कानाला लावून ऐकत राहिले. रामराव उठून जवळ आले आणि त्यांनीही कान टेकवला. एका फोनाला दोन व्यापारी, गालाला गाल लावून उभे होते.

"काय म्हंते मुंबई?" मनकर्णाबाईंनी विचारलं. पाऊस ओसरला होता. त्या चाबूक घेऊन निघाल्या होत्या.

पुंजाजींनी रिसीव्हरवर हात ठेवला. "मावशी, मुंबई आपल्यालेच इचारून राह्यली! आपुन सांगतलं तोच भाव तिथं निघाला!"

बाई दारातच थांबल्या. वळून त्यांनी दोघांकडे पाहिलं, फोनाकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

"मंग चार सांगाचे न बे!"